कलोपचार
कलोपचार ही चित्रकला, मृत्तिकाशिल्प आदी दृश्यकलांच्या साहाय्याने मानसिक ताण हलका करणारी उपचारपद्धती आहे. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांना क्षयरोगाच्या उपचारांदरम्यान चित्रे काढल्याने उभारी मिळाली. १९४२ मध्ये त्यांनी ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा योजली.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलानिर्मिती केल्यावर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

परिचारिका व डॉक्टरांसाठीही अशी सत्रे घेतली जातात. त्यांत चित्राच्या सफाईपेक्षा मनातले व्यक्त होण्याला महत्त्व असते. कलोपचार औषधोपचाराला पूरक आहे. कर्मचाऱ्यांच्या अपुऱ्या विश्रांतीवर तो उतारा नव्हे.