ओसाड दिसणाऱ्या माळावर काय दिसते?
पुसेगाव (जि. हिंगोली), प्रतिनिधी - सफारी म्हटले की ताडोबा, पेंच किंवा मेळघाटचे दाट जंगल आणि वाघ, एवढेच चित्र शहरी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या मराठवाड्यातील गावांभोवती सोयाबीन, तूर आणि हळदीच्या शेतांपलीकडे जे मुरमाड, गवताळ माळ उरले आहेत, त्यांची गणना मात्र 'पडीक' जमिनीतच होते. अशाच माळांवरील वन्यजीव पाहण्यासाठी पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशातील सफारी सुरू केली. त्यामुळे माळरानावर नेमके पाहण्यासारखे असते तरी काय, हा प्रश्न आता मराठवाड्यातही विचारण्याजोगा झाला आहे.

जंगल तुटून उरलेली जमीन नव्हे

झाडे तोडली गेल्यामुळे माळ उघडा पडला, हा सर्वसाधारण समज आहे. दख्खनच्या पठारावर, विशेषतः पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, कमी पाऊस आणि मातीचा पातळ थर यांमुळे मुळातच गवत आणि विखुरलेली काटेरी झाडे वाढतात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातील माळराने किमान ७५० वर्षे जुनी असल्याचा त्यांचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवर, बाभूळ, तरवड ही माळावरची झाडेझुडपे त्या काळीही लोकांच्या परिचयाची होती.

मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते हा या सृष्टीचा पाया आहे. गवतावर नाकतोडे, वाळवी आणि उंदीर जगतात. त्यांच्यावर पक्षी, सरडे आणि खोकड. आणि गवत खाणाऱ्या हरणांवर लांडगा. ही साखळी ध्यानात ठेवली, तर सफारीत दिसणाऱ्या प्रत्येक प्राण्याचा अर्थ उलगडतो.

काळवीट आणि चिंकारा

माळावर सर्वांत सहज दिसणारा मोठा प्राणी म्हणजे काळवीट. प्रौढ नराची पाठ काळसर, पोट पांढरे आणि शिंगे पीळदार असतात. मादी पिवळसर तपकिरी असून तिला सहसा शिंगे नसतात. लपण्यास आडोसा नसल्याने कळप, तीक्ष्ण दृष्टी आणि ताशी सुमारे ८० किलोमीटरपर्यंत जाणारा वेग हेच त्याचे संरक्षण. हा वेग चित्त्यापासून बचावासाठी विकसित झाला असावा, असे मानले जाते. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. महाराष्ट्रातील काळविटामागे धावणारा चित्ता मात्र आता उरलेला नाही.

हिंगोलीकरांना काळवीट पाहण्यासाठी उत्तरेकडील शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य जवळचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठीच स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. चिंकारा पाहायचा असल्यास बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य गाठावे. चिंकारा काळविटापेक्षा लहान असतो आणि त्याच्यात मादीलाही छोटी शिंगे असतात. खाद्यातील ओलाव्यावर तो पाण्याविना बराच काळ राहू शकतो.

माळाचा खरा राजा

जंगलात वाघाचे जे स्थान, ते माळावर लांडग्याचे. अंगकाठी सडपातळ, रंग मातकट. त्यामुळे सुकलेल्या गवतात तो समोर असूनही दिसत नाही. देशात भारतीय लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे, म्हणजे तो वाघापेक्षा अधिक आहे असे म्हणता येत नाही. तरीही त्याच्यासाठी राखीव क्षेत्रे फारशी नाहीत. त्याचा बहुतांश वावर शेत, गायरान आणि मेंढवाड्यांच्या आसपास असतो. धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहत आला आहे. मेंढी गेल्याचा राग आणि शेजाराची सवय, दोन्ही तेथे एकत्र नांदतात.

पर्यटक अनेकदा खोकड आणि कोल्हा यांत गल्लत करतात. खोकड मांजरापेक्षा थोडे मोठे असते आणि त्याच्या झुबकेदार शेपटीचे टोक काळे असते. कोल्हा आकाराने मोठा असतो आणि उसाच्या शेतातही आढळतो. तरस मुख्यत्वे मृत जनावरांवर जगते आणि बहुधा रात्रीच बाहेर पडते. त्यामुळे पहाटे किंवा सायंकाळी त्याचे दर्शन झाल्यास ते भाग्यच समजावे.

आकाशातले आणि जमिनीवरचे

हिवाळ्यात माळावर खरी गर्दी पक्ष्यांची असते. मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात, नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर नव्हे, तर गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. चंडोल, धाविक, माळटिटवी आणि पखुर्डी हे कायमचे रहिवासी आहेत. पखुर्डीचा नर पोटावरची पिसे पाण्यात भिजवून ते पाणी पिलांपर्यंत पोहोचवतो. पावसाळ्यात वाशीम-अकोला परिसरातील गवतात दुर्मीळ तणमोर येतो. नर गवतावरून उंच उड्या मारून मादीचे लक्ष वेधतो.

नजर खाली वळवली, तर उन्हाळ्याच्या तोंडी दगडावर बसलेला पंखागळ्याचा सरडा दिसू शकतो. नर गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडमीट करतो. या गटातील काही जातींचे २०१६ मध्ये नवे कुळ मांडण्यात आले. त्याला 'सरडा' हे मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून देण्यात आले आहे.

जो आता दिसत नाही

माळरानाचा मानबिंदू असलेला मालढोक मात्र महाराष्ट्रात जवळपास दिसेनासा झाला आहे. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आणि खासगी शेतजमिनीही आल्याने व्यवहारांवर निर्बंध आले, रोष वाढला आणि पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. कागदावर क्षेत्र मोठे होते. पण जमिनीवर एका हंगामात बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला निवांत माळ उरला नाही. आज देशात उरलेल्या दीडशेच्या आसपास मालढोकांपैकी बहुतांश राजस्थानात आहेत.

उरलेल्या माळांपुढील संकटेही तीच आहेत. हिरवाई वाढवण्याच्या हेतूने गवतात गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली की मोकळ्या जागेत राहणारे प्राणी हटतात. गायरानांवर अतिक्रमण होते. भटक्या कुत्र्यांमुळे रोग पसरतात; पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून स्पष्ट झाले आहे. दुसरीकडे, हरणांच्या कळपाने कोवळे पीक खाल्ले की शेतकऱ्याला त्या सौंदर्याचे कौतुक राहत नाही. वनविभागाकडून पीकनुकसानीची भरपाई मिळते. परंतु गावातील तरुणांना मार्गदर्शक म्हणून काम मिळाले, तर माळ राखण्यात गावाचाही लाभ राहतो. पुणे जिल्ह्यातील सफारीचे महत्त्व या दृष्टीने अधिक आहे.

जाण्यापूर्वी

सफारीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे सूर्योदयाच्या सुमारास किंवा दुपार कलल्यावर जावे. दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे आणि पाणी सोबत असावे. वाहन ठरलेल्या वाटेवरूनच न्यावे, कारण टिटवी, धाविक यांसारख्या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि चाकाखाली ती दिसतही नाहीत. लांडग्याच्या बिळाजवळ जाऊ नये. पिलांच्या काळात माणसाचा उपद्रव झाल्यास मादी पिले अन्यत्र हलवते. उन्हाळ्यात वाळल्या गवताला एका विडीची ठिणगीही पुरते, हेही विसरू नये.