सात पुड्या

"ताई, सातही पुड्या संपल्या. नवीन आणू का?"

नोएडातल्या आमच्या ओपीडीत डिसेंबरातल्या एका सोमवारी हे वाक्य कानावर आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नाशिकची मुलगी, पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना. व्हिटॅमिन डीची पुडी ६०,००० युनिटची असते, आठवड्याला एक घ्यायची. तिनं रोज रात्री दुधातून एक घेतली होती, आणि तीही मनापासून, बाळासाठी. आधीच्या एका दवाखान्यातल्या चिठ्ठीवर 'वीकली' हा एकच इंग्रजी शब्द होता आणि तो तिला कुणीही समजावून दिला नव्हता. त्याच दुपारी तिचं कॅल्शियम तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी जेवले नाही. कॅल्शियम नॉर्मल निघालं.

तेव्हापासून मी पुडी हातात देण्याआधी तिच्यावर स्केचपेननं 'रविवार' लिहिते आणि तारीखही घालते.

दिल्लीत ही पुडी इतकी सर्रास का, याची गोष्ट जुनी आहे. २००० साली एम्समधल्या संशोधकांनी दिल्लीतल्या निरोगी माणसांचं रक्त तपासलं. त्यांत सैनिक होते, गरोदर बाया होत्या, नवजात बाळं होती आणि डॉक्टर-नर्सही होत्या. उन्हात कवायत करणारे सैनिक तेवढे बरे निघाले. औषध लिहून देणारेही कमतरतेतच होते. २००२ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात दिल्लीतल्याच मोरी गेटच्या धुरकट हवेतल्या तान्ह्या मुलांची तुलना गुडगावच्या मुलांशी केली होती. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी गुडगावच्या मुलांच्या निम्म्याहून कमी भरलं. तेव्हा गुडगाव हे स्वच्छ हवेचं ठिकाण होतं! आज तिथूनच मास्क लावून आलेल्या गरोदर बाया मी पाहते.

धूर हे एक कारण झालं, दुसरं कारण सूर्याचा कोन. नाशिकला डिसेंबरातही भर दुपारी आपली सावली उंचीपेक्षा जराशी आखूडच पडते. दिल्लीत ती लांब पडते. कोवळं ऊन म्हणून जे अंगावर घेतो, त्यात व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण फारसे नसतात, आणि बाल्कनीची काच उरलेलेही अडवते. माझी ही नाशिककर चौदाव्या मजल्यावर राहायची, काच लावलेल्या बाल्कनीच्या घरात.

पुढचा प्रश्न तिच्या सासूबाईंनी विचारला, "डी वाढलं की साखर होणार नाही ना?" इथे मला ठाम बोलावं लागतं. इन्सुलिन स्रवायला व्हिटॅमिन डी मदत करतं, हे खरं. पण म्हैसूरच्या गरोदर बायांच्या अभ्यासात कमतरता भरपूर सापडली, तरी गरोदरपणातल्या मधुमेहाशी तिचं नातं दिसलं नाही. इतर अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. म्हणून पुडी घेतली तरी साखरेची तपासणी टाळायची नाही, हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते.

सव्विसाव्या आठवड्यात तिची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा. या खेपेला घोट घोट पाजत मी शेजारीच बसून राहिले. दोन तासांनी आकडा १५२, मर्यादा १४०ची. ती रडली. आम्ही तिथेच कागद घेऊन बसलो. सकाळचा गोड चहा आणि टोस्ट काढून मुगाची धिरडी घातली, भात मोजून वाटीभर ठेवला, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं लिहिलं.

चालायचं कुठे? सोसायटीची गच्ची कुलूपबंद. नाशिकहून आलेली तिची आई थेट सोसायटीच्या ऑफिसात गेली आणि किल्ली घेऊनच बाहेर पडली. फेब्रुवारीत रोज साडेबाराला दोघी वर जायच्या, आई चटईवर हरभरा सोलायची आणि लेक पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायची.