विश्लेषण : पोळीऐवजी भाकरी खाल्ल्याने साखर खरेच कमी होते का?

रक्ततपासणीचा अहवाल आला, साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले दिसले, की घरातला पहिला बदल ठरलेला असतो. पोळी बंद, भाकरी सुरू. चहात साखरेऐवजी गूळ. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते आणि आकडे जवळपास तेच निघतात. असे का होते? नेमके काय बदलायला हवे?

धोक्याचे आकडे कोणते?

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ टक्के झाले, की मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या टप्प्यावर आहार, व्यायाम आणि वजन यांत बदल केला तर मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो. 

भाकरी खाऊनही साखर का हटत नाही?

कारण धान्य बदलले तरी प्रमाण तेच राहते. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके असतात; ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात सुमारे २०. म्हणजे दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या, तर कर्बोदके उलट वाढतात. भाकरीत तंतुमय पदार्थ असतात, हे खरे. पण तो फायदा जादा भाकरीने धुऊन निघतो. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊष्मांक कर्बोदकांतून येतात, असे ‘इंडियाब’च्या अभ्यासात आढळले. तांदूळ किंवा मैद्याच्या जागी फक्त गहू वा भरडधान्य आणून धोका कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. कर्बोदकांचा काही वाटा डाळी, कडधान्ये, दूधदुभते यांतील प्रथिनांना दिल्यास मात्र तो कमी होण्याची शक्यता दिसली.

मग ताट कसे असावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दिवसभरातील ऊष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. दोन हजार कॅलरींच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत. मराठी ताटात याचा अर्थ सोपा आहे : निम्मे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट मटकी-मुगाची उसळ, पिठले, अंडी किंवा मासे यांचे आणि उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. दोन्ही हवे असतील तर दोन्ही निम्मे. कोशिंबीर आणि उसळ आधी, भात शेवटी, हा क्रमही जेवणानंतरची साखर झपाट्याने वाढू देत नाही.

कोलेस्टेरॉलचे काय?

शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते. त्यामुळे अंड्यापेक्षा आहारातील संपृक्त आणि ट्रान्स मेदाचा परिणाम ‘वाईट’ एलडीएलवर जास्त होतो. पामतेलात निम्मा मेद संपृक्त असतो. खारी, बिस्किटे, फरसाण घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत, ते यासाठीच. तूप पूर्ण बंद करून संध्याकाळी खारी खाल्ली, तर हाती काही लागत नाही.

ओट्स, जव, कडधान्ये, पेरू, सफरचंद यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर टाकतात. नवे पित्ताम्ल बनवण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल ओढून घेते. ट्रायग्लिसराइड वाढण्यामागे मात्र अनेकदा साखर, मैदा आणि मद्य असते. तिथे केवळ तेल कमी करून भागत नाही.

सर्वाधिक चुका कुठे होतात?

चहात. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास साखर. दिवसाची मर्यादा तिथेच संपते. गूळ आणि मध रक्तात जाऊन साखरच वाढवतात. दुसरी चूक उपवासाची. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याऐवजी थोडी भगर, सोबत दही आणि काकडी बरी. पोहे सोडायची गरज नाही. ते कमी घेऊन त्यात मटार, मोड आलेले मूग घालावेत.

औषधे बंद करता येतात का?

स्वतःच्या मनाने नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना भात-भाकरी एकदम कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. म्हणून ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने वाढवण्यापूर्वीही सल्ला हवा. काहींचे कोलेस्टेरॉल आनुवंशिकतेने वाढते. तिथे पथ्य पाळूनही गोळी लागते आणि त्यात रुग्णाचा दोष नसतो.

फरक कधी दिसतो?

कोलेस्टेरॉलमध्ये दीड ते तीन महिन्यांत, एचबीए१सीमध्ये साधारण तीन महिन्यांत. तोवर रोज जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. आणि घरात एकासाठी वेगळे ‘पथ्याचे’ ताट वाढण्यापेक्षा सगळ्यांचेच ताट थोडे बदलावे. एकट्याचे पथ्य फार दिवस टिकत नाही.