ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग आणि कॅमेरा

ऑस्ट्रेलिया म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें समुद्रकांठचीं मोठीं शहरें आणि क्रिकेटचीं मैदानें उभीं राहतात. परंतु त्या खंडाचा फार मोठा भाग किनाऱ्यापासून दूर, कोरडा व विरळ वस्तीचा आहे. तेथील लोक त्यास ‘आउटबॅक’ म्हणतात. तांबडी माती, एकाकी खडक, कांगारू आणि गरुड यांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं अनेक हौशी माणसें मोटारीनें या प्रदेशांतून प्रवास करतात. अशा प्रवासांत चांगलें छायाचित्र कसें साधतें, आणि तें साधतांना काय सांभाळावें लागतें, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

या प्रदेशाचा कणा म्हणजे स्टुअर्ट महामार्ग. दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेकडील डार्विनपर्यंत तो सुमारें २,७०० किलोमीटर जातो. जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट या संशोधकाच्या तुकडीनें १८६१-६२ सालीं हा खंड दक्षिणेकडून उत्तर समुद्रापर्यंत ओलांडला व ती परतही आली. त्याचेंच नांव या रस्त्यास दिलेलें आहे. आज रस्ता डांबरी आहे. तथापि कित्येक ठिकाणीं दोन पेट्रोलपंपांमध्यें दोनशें किलोमीटरांचें अंतर असतें. अशा वाटेवर मनुष्याच्या मनांत एकच विचार घोळतो, तो म्हणजे पुढें जाण्याचा. आणि छायाचित्रणाचा खरा शत्रू तोच.

माझा मुलगा ॲडलेड येथें नोकरीस आहे. त्याच्याबरोबर मी या रस्त्यानें ॲलिस स्प्रिंग्जला गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ऊन सोनेरी झालें, आणि ‘पुढें एखादा चांगला उंचवटा लागेल’ या आशेनें आम्हीं गाडीचा वेग वाढविला. माझें सारें लक्ष पश्चिमेच्या आकाशाकडे होतें. इतक्यांत कडेच्या झुडपांतून एक मोठा कांगारू उडी मारून रस्त्यावर आला. मुलानें ब्रेक दाबला, गाडी करकरत थांबली, आणि जनावर हातभर अंतरावरून निसटलें. त्याच्या पाठोपाठ दुसरें गेलें. कांहीं वेळ आम्ही दोघेही बोललों नाहीं. त्या दिवशीं मला कळलें कीं, छायाचित्राची उत्तम वेळ आणि रस्त्यावरील धोक्याची वेळ तेथें एकच असते.

ती एक कां असते, हें समजून घेण्याजोगें आहे. सूर्य क्षितिजाजवळ आला म्हणजे त्याच्या किरणांना वातावरणांतून फार लांबचा मार्ग काटावा लागतो. त्या मार्गांत निळा प्रकाश विखुरला जातो, तांबडा व पिवळा शिल्लक राहतो. तेथील माती लोहाच्या गंजामुळें मुळांतच तांबडी. तिच्यावर हा प्रकाश पडला कीं ती जणूं आंतून पेटते. शिवाय सांवल्या लांब पडल्यानें जमिनीचे चढउतार उठून दिसतात. आतां कांगारूकडे पाहा. दिवसा तो झुडपाच्या सांवलींत पडून राहतो, पुढील पाय चाटून ओले करतो, आणि तो ओलावा वाळतांना त्याच्या अंगांतील उष्णता जाते. ऊन उतरलें कीं तो चरावयास निघतो. डांबरावर पडलेलें थोडेंसें पावसाचें पाणीही वाहून कडेला जातें. त्यामुळें इतरत्र सारें वाळलें तरी रस्त्याकडेचें गवत हिरवें राहतें, आणि जनावरें तेथेंच येतात. अशा रीतीनें एकच मावळता सूर्य छायाचित्रकारास आणि कांगारूस एकदमच बाहेर काढतो. त्याच रस्त्यानें ५३.५ मीटरांपर्यंत लांबीचे, मागें तीन-चार डबे जोडलेले मालट्रक धांवत असतात. ते चटकन् थांबूं शकत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

यावरून पहिला नियम निघतो: प्रकाश उत्तम असेल तेव्हां आपलें चाक थांबलेलें असावें. प्रवास दुपारीं करावा, आणि तिसऱ्या प्रहरीं मुक्काम गांठावा. यांत चित्रांचें नुकसान नाहीं. दुपारीं सूर्य डोक्यावर असल्यानें सांवल्या आंखूड व प्रकाश रखरखीत असतो. तापलेल्या जमिनीवरील हवेचे थर कमीअधिक दाट होऊन प्रकाशास वांकवितात. त्यामुळें दूरचें जनावर दूरदर्शी भिंगांतून पाहिल्यास पाण्यांत हलल्यासारखें दिसतें. हा दोष कितीही महाग भिंगानें जात नाहीं. त्यावर उपाय दोनच: जवळ असणें, किंवा सकाळच्या गारव्याची वाट पाहणें. ऋतूही असाच निवडावा. मे ते सप्टेंबर हे महिने बरे. उन्हाळ्यांत तेथें पारा चाळीस अंशांपलीकडे जातो.

मुक्काम पाणवठ्याजवळ मिळाला तर उत्तम. दाणे टिपणाऱ्या पांखरांना अन्नांतून पाणी फारसें मिळत नाहीं, म्हणून हिरव्या बजरीगारांचे थवे आणि इवल्याशा झेब्रा फिंच पाण्यावर उतरतात. तेथें मोटारींतून उतरूं नये. मनुष्याची उभी आकृती पाहून पांखरें उडतात, उभ्या गाडीस मात्र तीं फारशीं भीत नाहींत. खिडकीच्या कडेवर तांदळाची लहान पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवावें. तिवईचें काम होतें. रस्त्यावर मेलेल्या जनावरावर मोठा गरुड बसलेला दिसला, तर दुरूनच वेग कमी करावा. त्याच्या पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक. अंग जड असल्यानें त्यास उडण्यास वेळ लागतो, आणि घाईच्या गाडीखालीं तो सांपडतो. गाडी रस्त्याबाहेर घेऊन, थांबूनच त्याचें चित्र घ्यावें.

उलुरू या प्रसिद्ध खडकाविषयींही हेंच म्हणतां येईल. हा वालुकाश्माचा खडक भोंवतालच्या सपाटीपासून ३४८ मीटर उंच असून त्याचा घेर सुमारें साडेनऊ किलोमीटर आहे. सूर्य बुडाला कीं जमलेले पुष्कळ लोक कॅमेरे आवरून निघतात. उद्यान बंद होण्याची वेळ पाहून आणखी पंधरावीस मिनिटें थांबावें. त्या वेळीं खडकामागें, पूर्व क्षितिजावर, एक निळसर करडा पट्टा हळूहळू वर चढतो व त्याच्यावर गुलाबी कड दिसते. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच वातावरणावर पडलेली छाया. मुक्कामाचें यूलारा गांव जवळच असल्यानें नंतर हळूहळू परततां येतें.

दुसरा नियम कॅमेरा केव्हां खालीं ठेवावा याचा आहे. उलुरूची भूमि अनंगू लोकांची. १९८५ सालीं ती कायद्यानें त्यांस परत देण्यात आली, आणि २०१९ पासून खडकावर चढणें बंद झालें. खडकाच्या पायथ्याशीं कांहीं स्थळें अशीं आहेत कीं, त्यांचें ज्ञान केवळ पुरुषांचें किंवा केवळ स्त्रियांचें मानतात, आणि तें त्या जागींच रहावें अशी त्यांची श्रद्धा आहे. चित्र घेतलें म्हणजे तें स्थळ घरोघर पोंचलें. म्हणून छायाचित्र घेऊं नये अशा पाट्या तेथें लावलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉल्डविन स्पेन्सर आणि फ्रान्सिस गिलेन यांनीं मध्य ऑस्ट्रेलियांतील अरांडा लोकांच्या गुप्त धर्मविधींचीं छायाचित्रें घेतलीं. आज त्यांपैकीं पवित्र विधींचीं चित्रें सर्वांस दाखविलीं जात नाहींत. आपल्याकडेही कित्येक देवळांच्या गाभाऱ्यांत कॅमेरा नेऊं देत नाहींत. आपण तें निमूटपणें मानतों. दुसऱ्याच्या गाभाऱ्याचाही तोच मान राखावा. माणसांचें चित्र तर विचारल्यावांचून घेऊंच नये.

त्या प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशीं आम्हीं चार वाजतांच रस्त्यालगतच्या विश्रांतिस्थळीं गाडी लावली. मुलानें चहा केला. तास गेला, कांहींच आलें नाहीं, आणि माझा धीर सुटूं लागला. मग ऊन तांबडें झालें, आणि समोरच्या गवतावर एक मादी येऊन चरूं लागली. तिच्या पोटपिशवींतून पिलाचें डोकें बाहेर आलें होतें. आई जें गवत खाई, तेंच तें वांकून कुरतडीत होतें. तें चित्र कोणत्याही प्रदर्शनांत मांडण्याजोगें नाहीं. पिलाचा एक कान हललेला आहे. परंतु आदल्या संध्याकाळीं आमच्या चाकापुढून निसटलें तें जनावर अशीच एखादी आई असेल, हा विचार त्या चित्राकडे पाहतांना प्रत्येक वेळीं मनांत येतो. म्हणून तेंच आमच्या बैठकींत लावलें आहे.