चिमुकला हातभार

लहान मुलें असलेलें घर म्हणजे आनंदाचें आगर, असें आपण आल्यागेल्याला मोठ्या हौसेनें सांगतों. सांगतों तें खोटें नसतें. पण नेमक्या त्याच क्षणीं आंतल्या खोलींत एक मूल रडत असतें, दुसऱ्यानें दुधाचा पेला लवंडलेला असतो, आणि घरची गृहिणी पाहुण्यांपुढें हंसतमुखानें चहा ठेवतांना मनांतल्या मनांत पुढच्या चार कामांचा हिशेब करीत असते. आनंदाचें आगर घरांतच आहे, पण त्याकडे पाहावयाला कोणाला सवड नाहीं, अशी पुष्कळ घरांची स्थिति आहे. ही सवड आणावयाची कोठून, एवढाच प्रश्न मला वाचक भगिनींपुढें, आणि त्याहूनही अधिक वाचक बंधूंपुढें, ठेवावयाचा आहे. त्यासाठीं आमच्याच घरांतला एक प्रसंग सांगतें.

आमचें कुटुंब पुण्यांतलें, दहा माणसांचें. मामंजी, सासूबाई, थोरले भावोजी व जाऊबाई, त्यांचीं दोन मुलें, आम्ही उभयतां आणि आमचीं दोन. मी महाविद्यालयांत शिकवितें. जाऊबाईंची बँकेंत नोकरी आहे. घरांत गॅस आहे, कुकर आहे, कपडे धुण्याचें यंत्र आहे. विहिरीवरून पाणी आणणें नाहीं, कीं जात्यावर दळण दळणें नाहीं. तरीही सकाळचे सहा ते दहा हे चार तास कसे उडून जातात तें कळत नाहीं, आणि संध्याकाळ तर उगवते ती मावळण्यासाठींच.

गेल्या वर्षीं पौषांतल्या एका रविवारीं आमच्याकडे पाहुणे जेवावयास यावयाचे होते. मटारच्या करंज्यांचा बेत होता. आमची थोरली तेव्हां चार वर्षांची. ‘आई, मी सोलतें’ म्हणून ती ताटापुढें मांडी घालून बसली. मीं तिच्यापुढें शेंगांचा ढीग टाकला आणि दुसऱ्या कामाला लागलें. अर्ध्या तासानें येऊन पाहतें तों जेमतेम दहाबारा शेंगा सोलून झालेल्या! एकेक शेंग ती दोन्ही हातांनीं उघडी, आंतले दाणे मोजी, शेवटचा इवलासा दाणा बोटाच्या टोकावर घेऊन धाकट्याला दाखवी, आणि मग कोठें तो वाटींत जाई. माझा धीर सुटला. मीं तिच्यापुढचें ताट ओढलें आणि म्हटलें, “सर बाजूला. माझ्याजवळ वेळ नाहीं.” ती रडली नाहीं. हातांतली शेंग फ्रॉकच्या खिशांत घालून ती उठून गेली. करंज्या वेळेवर झाल्या. पाहुण्यांनीं वाखाणल्या.

त्यानंतर आठएक दिवसांनीं धुतलेले कपडे घेऊन मी माजघरांत जात होतें. थोरली भातुकली मांडून बसली होती. बाहुलीला तिनें चुलीपाशीं बसविलें होतें आणि तिच्यापुढें एक बोळकें ठेवलें होतें. थोडा वेळ तिनें बाहुलीकडे पाहिलें, मग बोळकें एकदम उचललें आणि म्हणाली, “सर बाजूला. माझ्याजवळ वेळ नाहीं.” शब्द माझेच होते. पण शब्दांचें मला एवढें वाटलें नाहीं. आवाजांतला तुटकपणाही माझाच होता, तो ऐकून मी दारांतच थबकलें. ती रागावलेली नव्हती. आया अशाच बोलतात, असें जणूं तिनें नोंदून ठेवलें होतें.

ही हकीकत मीं सासूबाईंना सांगितली. त्या तांदूळ निवडीत होत्या. मला वाटलें, ऐकून हंसतील. पण त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्या नवऱ्यानं पहिलं पाऊल टाकलं, तें मीं पाहिलंच नाहीं. बाहेर सगळे टाळ्या पिटीत होते, नि मी आंत पुरण वाटीत होतें. हातचं टाकून जायची सोय नव्हती. मी हात धुऊन बाहेर आलें तों हा खालीं बसलेला. त्या दिवशीं कांहीं पुन्हां उठला नाहीं.” थोड्या वेळानें त्याच पुढें म्हणाल्या, “कुणी वाईट नव्हतं गं घरांत. पण ‘जा, बघून ये, मी पाहतें पुरणाकडे’ असं कुणाला सुचलं नाहीं.”

त्या शेवटच्या वाक्यानें माझ्या विचाराला दिशा दिली. पूर्वींच्या मोठ्या कुटुंबांतल्या आनंदाविषयीं आपण पुष्कळ बोलतों. तो आनंद खरा होता. मुलाला बसावयाला पांच मांड्या होत्या, गोष्ट सांगावयाला तीन तोंडें होतीं. पण ज्या दोन हातांवर त्या घराचा डोलारा उभा होता, त्यांच्या वांट्याला त्यांतला किती आला, हें कोणी विचारलें नाहीं. आतां आमच्या हातांतलें पुष्कळ काम यंत्रांनीं घेतलें; पण वांचलेला वेळ नोकरीनें, प्रवासानें आणि हातांतल्या फोननें खाऊन टाकला. सासूबाईंना उसंत नव्हती म्हणून पहिलें पाऊल हुकलें. माझ्यापुढें तर मूल मांडी घालून बसलें होतें, आणि मीं त्याच्यापुढचें ताट ओढून घेतलें.

वास्तविक मुलाचें काम आणि आपलें काम यांत एक मूलभूत भेद आहे. आपण काम करतों तें संपविण्यासाठीं. मूल काम करतें तें करण्यासाठीं. डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्या काळच्या निरीक्षणांत त्यांनीं सुमारें तीन वर्षांच्या एका मुलीची हकीकत नमूद केली आहे. लांकडी ठोकळ्यांतल्या लहानमोठ्या खळग्यांत ती ज्याची त्याची दट्टी बसवी, पुन्हां काढी, पुन्हां बसवी. बाईंनीं इतर मुलांना तिच्याभोंवतीं गाणें म्हणावयास लाविलें, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविलें. पण तिचें लक्ष ढळलें नाहीं. चाळिसांहून अधिक वेळां तें काम करून ती आपणहून थांबली, आणि झोपेंतून जागें व्हावें तशी प्रसन्नपणें हंसली. ही हकीकत माझ्या वाचनांत पूर्वींच आली होती. पण आमच्या थोरलीचे मटार हाच तो ठोकळा, हें मात्र त्या दिवशीं मला ओळखतां आलें नाहीं.

मुलांसाठीं महागडीं साधनें लागतात, असाही एक समज आहे. त्याला आपल्याकडे उत्तर मिळालें त्याला पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच मुलांच्या अंगणांत न्यावी, या विचारांतून अंगणवाडी जन्माला आली. आणि शिंपले, खडे, पानें, बिया हींच तेथलीं साधनें झालीं. जें अंगणांत होतें तें स्वयंपाकघरांत कां असूं नये? मटार सोलणें, लसूण निवडणें, रुमालाच्या घड्या घालणें, चमचे पुसून ज्याच्या त्याच्या जागीं ठेवणें, तुळशीला पाणी घालणें: मुलाच्या बोटांना, डोळ्यांना आणि मनाला याहून चांगलें काम कोणतें? त्यासाठीं निराळें कांहीं विकत आणावयास नको. आणावयाची ती सवड.

आणि सवड ही एकट्या आईनें मनाशीं निश्चय करून निर्माण होत नाहीं, हें मला आग्रहानें सांगावयाचें आहे. ‘मुलांत रमा, बालपण पुन्हां येत नाहीं’ असा उपदेश बायकांना पुष्कळ होतो. तो ऐकतांना कुकरच्या तीन शिट्या झालेल्या असतात, आणि गॅस बंद करावयास उपदेश करणारे उठत नाहींत! आनंदाला उसंत लागते, आणि एकत्र कुटुंबांत उसंत ही सर्वांनीं मिळून द्यावयाची वस्तु आहे.

म्हणून एके रात्रीं जेवणें झाल्यावर मीं हा विषय सर्वांपुढें काढला. बाहुलीची गोष्ट सांगितली. सासूबाईंनीं आपण होऊन पुरणाची सांगितली. ती त्यांच्या मुलानेंही प्रथमच ऐकली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ठरलें तें असें: संध्याकाळीं साडेसहा ते सात हा अर्धा तास एक दिवस माझा, एक दिवस जाऊबाईंचा. त्या वेळांत त्या दिवसाच्या आईला घरानें हांक मारावयाची नाहीं. भाजी आणणें व चिरणें मामंजींनीं पत्करलें. कुकर लावण्याचें काम भावोजींनीं घेतलें. मुलांच्या सकाळच्या आंघोळी आमच्या घरांतल्यांनीं घेतल्या. जाऊबाईंचीं मुलें मोठीं, शाळेंत जाणारीं. ‘तुम्हांला कशाला हवा अर्धा तास?’ असें भावोजींनीं थट्टेनें विचारतांच त्या म्हणाल्या, “मोठीं झालीं म्हणून काय झालं? माझ्याशीं बोलायला त्यांना तेवढाच वेळ सांपडेल.” तेव्हांपासून त्या आपल्या मुलीबरोबर रोज आड गच्चीवर फिरावयास जातात.

बंधूंपैकीं कोणाला यांत कमीपणा वाटत असेल, तर त्यांनीं गिजुभाई बधेका यांचें स्मरण करावें. हे गृहस्थ वकील होते. १९१६ सालीं वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर सुरू केलें. पुढें ताराबाईंनीं त्यांच्याच सहवासांत तेथें काम केलें. मुलांनीं वेढलेल्या या पुरुषाला गुजरातेंत लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणूं लागले. याहून मोठी पदवी एखाद्या पुरुषाला मिळाली असेल, असें मला वाटत नाहीं.

आमच्याकडेही या व्यवस्थेचे लाभ अनपेक्षित ठिकाणीं दिसूं लागले. धाकट्याची आंघोळ माझ्या हातीं होती तोंवर पांच मिनिटांत उरकत असे. आतां वीस लागतात. धाकट्याला स्वतःच्या हातानें गडूभर पाणी डोक्यावर ओतून घ्यावयाचें असतें, आणि पाणी कानांवरून ओघळलें कीं तो गदगदून हंसतो, हा शोध त्याच्या वडिलांना लागला. मी दीड वर्ष त्याला आंघोळ घालीत होतें, पण मला लागला नव्हता. थोरली संध्याकाळीं एक चिमुकली पोळी लाटते. ती कधीं गोल नसते. मामंजी ती पहिल्या घासाला घेतात, आणि आज ही कोणत्या देशाच्या नकाशासारखी झाली तें गंभीरपणें सांगतात.

दोनतीन गोष्टी आम्ही चुकतमाकत शिकलों. मुलाला द्यावयाचें काम खरेंखुरें असावें. खोटें काम त्याला ताबडतोब ओळखूं येतें. साधन त्याच्या हाताला बेताचें असावें. लहान लाटणें, लहान तांब्या. त्यानें घातलेली घडी त्याच्यादेखत मोडून पुन्हां घालूं नये. आणि उगीच वाहवा करीत बसूं नये. आपण शेजारीं बसून आपलें काम करीत राहिलों कीं त्याला तेवढें पुरतें.

सारेच दिवस असे जातात, असें मात्र कोणी समजूं नये. परीक्षांच्या पेपरांचे गठ्ठे येतात, कोणाला ताप येतो, कोणाचा घराबाहेरचा राग घरांत सांडतो. महिन्यांतून कित्येक संध्याकाळीं तो अर्धा तास बुडतो. माझा आवाज अजूनही तुटक होतो. फरक एवढाच कीं, तसा तो झाला कीं आतां घरांतलें कोणीतरी उठतें आणि माझ्या हातांतलें काम घेतें.

यंदाच्या पौषांत पुन्हां करंज्यांचा बेत झाला. थोरली आतां पांच वर्षांची आहे. ती ताटापुढें बसली, धाकटा शेजारीं, आणि सासूबाई आपण होऊन त्यांच्यांत येऊन बसल्या. स्वयंपाकघरांतून जाऊबाईंनीं हांक मारली, “झाले का मटार?” थोरलीनें नुकतीच एक शेंग उघडली होती आणि तिच्यांतला शेवटचा, सर्वांत लहान दाणा ती आजीला बोटाच्या टोकावर दाखवीत होती. सासूबाईंनीं चष्मा सारखा केला, त्या दाण्याकडे वांकून पाहिलें, आणि मान न वळवितां उत्तर दिलें, “थांब गं जरा. आम्ही कामांत आहोंत.”

त्या दिवशीं जेवणाचीं पानें पाऊण तास उशिरां वाढलीं गेलीं.