‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय, म्हणून चेहऱ्याला लावायचं?
हॅलोवीनच्या रंगभूषेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांत लगबग सुरू होते. ३१ तारखेला संध्याकाळी मुलांना घरोघरी चॉकलेटं गोळा करत हिंडायचं असतं. कुणाला सांगाडा व्हायचं असतं, कुणाला चेटकीण, कुणाला वाघ. अलीकडे पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांत आणि प्लेस्कूलमध्येही हे दिसू लागलं आहे. कपडे विकत मिळतात, चेहरा मात्र घरीच रंगवावा लागतो. मग हाताशी असेल तो रंग उचलला जातो आणि ऐकीव सल्ल्यांवर काम भागवलं जातं. त्यांतले बरेच सल्ले निरुपद्रवी आहेत. काहींमुळे मात्र मुलाच्या डोळ्याला किंवा त्वचेला खरोखर इजा होऊ शकते, म्हणून ते नीट तपासून पाहायला हवेत.

गैरसमज: डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं असेल तर रंग चेहऱ्यालाही चालतो

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. अ‍ॅक्रिलिक रंग, पोस्टर कलर, मार्कर यांच्यावर हे शब्द असतात, पण ते त्या वस्तूच्या नेहमीच्या वापरापुरते खरे असतात. कागदावर रंगवताना हाताला थोडा लागला किंवा मुलाने चुकून बोट चाटलं तर विषबाधा होणार नाही, एवढाच त्यांचा अर्थ. अमेरिकेत १९८८च्या कायद्याने चित्रकलेच्या साहित्याला ‘एएसटीएम डी-४२३६’ हे मानक लागू झालं. त्यात दीर्घकाळ वापरामुळे होणाऱ्या धोक्यांची तपासणी होते आणि धोका असेल तर तसा इशारा छापावा लागतो. तोच रंग तीन-चार तास गालावर, पापणीवर, ओठांच्या कडेला राहिला तर काय होईल, हा प्रश्न त्या तपासणीत येतच नाही.

अ‍ॅक्रिलिक वाळलं की त्याचं प्लॅस्टिकचं पातळ कातडं होतं. ते ओढून काढताना चेहऱ्यावरची लव आणि त्वचेचा वरचा थर सोबत निघतो. शिवाय हा रंग डबीत नासू नये म्हणून घातलेल्या रसायनांपैकी काही अ‍ॅलर्जी आणण्याबद्दल कुख्यात आहेत. ‘सिनेमावाले तर अ‍ॅक्रिलिकच वापरतात’ असा एक युक्तिवाद यावर केला जातो. त्यात अर्धं सत्य आहे. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची रंगभूषा करणाऱ्या डिक स्मिथ यांनी अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्वचेला चालणारा चिकट द्रव एकत्र करून ‘पॅक्स’ नावाचं मिश्रण बनवलं होतं. पण ते बनवलं होतं चेहऱ्यावर चिकटवलेले रबरी तुकडे रंगवायला. घरातली अ‍ॅक्रिलिकची ट्यूब थेट मुलाच्या गालावर पिळायला त्याचा आधार घेता येत नाही.

मग लेबलावर पाहायचं काय? वस्तू त्वचेसाठी किंवा चेहऱ्यासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असावं आणि घटकांची पूर्ण यादी असावी. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दावर मात्र विसंबू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, स्वतःच सांगितलं आहे की या शब्दासाठी कोणतंही सरकारी मानक नाही. २००९मध्ये तिथल्या एका ग्राहकहितवादी मोहिमेने मुलांसाठीचे दहा फेस पेंट तपासून घेतले. दहाही रंगांत शिसं आढळलं, आणि सहांत निकेल, कोबाल्ट किंवा क्रोमियम. हे वाचून घाबरून जायचं कारण नाही. शिशाचं प्रमाण दहा लाखांत एका भागाहूनही कमी होतं, आणि एफडीएने २०१६मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी सुचवलेली कमाल मर्यादा दहा लाखांत दहा भाग आहे. वर्षातून एका संध्याकाळी लावलेल्या रंगापेक्षा रोज वापरायच्या वस्तूंची चिंता अधिक करायला हवी. पण निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी ही माहिती महत्त्वाची आहे. शिवाय लेबलावरचे गोड शब्द म्हणजे हमी नव्हे, हेही त्यातून दिसलं.

गैरसमज: गालाला चालतो तो रंग डोळ्यांभोवतीही चालतो

अमेरिकेच्या नियमांत ‘डोळ्यांचा भाग’ म्हणजे फक्त पापणी नाही. भुवई, भुवईखालची त्वचा, पापण्या, पापण्यांचे केस आणि डोळ्याखालच्या हाडाच्या कडेपर्यंतचा मऊ भाग, एवढं सगळं त्यात येतं. या भागासाठी परवानगी असलेल्या रंगद्रव्यांची यादी वेगळी आणि छोटी आहे. अतिनील दिव्यात झगमगणारे आठ फ्लुओरेसंट रंग अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांत वापरता येतात, पण त्यांतला एकही डोळ्यांजवळ लावायला परवानगी नाही. अंधारात चमकणाऱ्या झिंक सल्फाइडचंही तेच.

झॉम्बी करताना डोळ्यांखाली लिपस्टिक चोळून लाली आणायची युक्ती सर्रास सांगितली जाते. ओठांसाठी मान्य असलेली अनेक लाल रंगद्रव्यं डोळ्यांभोवती मान्य नाहीत, त्यामुळे ही युक्ती टाळावी. डोळ्यांसाठी बनवलेली तांबूस-तपकिरी मॅट आयशॅडो घ्या. तीच अधिक खरी दिसते, कारण जागरणाने किंवा आजाराने आलेली लाली लिपस्टिकसारखी तकतकीत कधीच नसते.

हस्तकलेची चमकी डोळ्यांच्या आसपास अजिबात नको. तिचे कण मोठे आणि धारदार कडांचे असतात, ते बुबुळाला ओरखडा पाडू शकतात. मांजराच्या डोळ्यांसारख्या किंवा पांढऱ्याफटक दिसणाऱ्या शोभेच्या लेन्स हे तर वेगळंच संकट आहे. अमेरिकेत २००५पासून कायद्याने प्रत्येक कॉन्टॅक्ट लेन्स, नंबर नसलेलीसुद्धा, वैद्यकीय उपकरण मानली जाते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. ‘एकच माप सगळ्यांना’ असं म्हणून विकली जाणारी लेन्स बुबुळाच्या वक्रतेशी जुळत नाही, घासते, आणि त्या जखमेत जंतुसंसर्ग झाला तर नजर जाऊ शकते. या बाबतीत तडजोडीला जागा आहे असं मला वाटत नाही.

गैरसमज: अंगभर रंग लावला तर त्वचा गुदमरून माणूस मरतो

हा समज १९६४च्या ‘गोल्डफिंगर’ या बॉन्डपटाने जगभर नेला. त्यात सोनेरी रंगाने माखलेली तरुणी त्वचा गुदमरून मेल्याचं दाखवलं आहे. वस्तुस्थिती अशी की आपण श्वास फुप्फुसांनी घेतो. त्वचेचा अगदी वरचा, मिलिमीटरच्या अंशाएवढा थर हवेतला प्राणवायू घेतो खरा, पण बाकी सगळ्या शरीराला तो रक्तातूनच मिळतो. धोका आहे तो उष्णतेचा. दाट थराखाली घाम सुकत नाही आणि अंग तापतं.

सिनेमाच्या रंगभूषेने माणसं जायबंदी झाली ती वेगळ्याच कारणांनी. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’च्या चित्रीकरणात, ऑक्टोबर १९३८मध्ये, पत्र्याच्या माणसाची भूमिका करणारे बडी एब्सन यांना रुग्णालयात हलवावं लागलं, कारण चेहऱ्यावर लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पूड श्वासातून फुप्फुसांत गेली होती. त्यांच्या जागी आलेल्या जॅक हेली यांच्यासाठी पूड सोडून अ‍ॅल्युमिनियमचा लेप वापरला गेला. हेली यांना त्यातून डोळ्याचा संसर्ग झालाच. त्याच वर्षी २३ डिसेंबरला चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन आगीच्या दृश्यात भाजल्या. त्यांच्या हिरव्या रंगात तांबं होतं, म्हणून भाजलेल्या चेहऱ्यावरून तो रंग अल्कोहोलने पुसून काढावा लागला. आजही चंदेरी किंवा सोनेरी सुटी पूड चेहऱ्यावर उडवताना एब्सन आठवावेत. मुलाच्या नाकापाशी पूड नको, ओला रंग घ्या.

हॅमिल्टन यांचा हिरवा चेहरा पुढे इतका रुजला की चेटकीण हिरवीच असते असं आज सगळ्यांना वाटतं. एल. फ्रँक बॉम यांच्या १९००च्या पुस्तकात ती एका डोळ्याची आहे, हिरवी नाही. रंगीत सिनेमाने तिला हिरवं केलं. फ्रँकेनस्टाइनने घडवलेल्या प्राण्याची गोष्टही अशीच. मेरी शेलींच्या १८१८च्या कादंबरीत त्याची कातडी पिवळट आहे. १९३१च्या कृष्णधवल चित्रपटात जॅक पिअर्स यांनी बोरिस कार्लोफ यांना हिरवट रंग लावला तो पडद्यावर प्रेतासारखा फिकट राखाडी दिसावा म्हणून. तेव्हा हिरवा रंग संपला असेल तर अडून राहू नका. पिवळट, राखाडी, मेणचट चेहरा मूळ कथेच्या जास्त जवळचा आहे.

गैरसमज: जितका दाट रंग, तितका चांगला चेहरा

घरच्या रंगभूषेतली सगळ्यात जास्त निराशा इथे होते. पांढऱ्या रंगाचा जाड थर हसताना, बोलताना तडकतो आणि अर्ध्या तासात पोपडे सुटतात. वडीचा पाण्याचा रंग असेल तर स्पंज जेमतेम ओला करा, थापटत पातळ थर द्या, तो वाळू द्या, मग दुसरा. ग्रीस पेंट, म्हणजे तेलकट रंग, असेल तर वर पावडर दाबून बसवल्याशिवाय तो पक्का होणार नाही, उलट कॉलरला आणि सोफ्याला लागेल. ग्रीस पेंटवर थेट पाण्याचा रंगही धरत नाही. हे सगळं आपल्या नाटकांचे रंगभूषाकार पूर्वापार करत आले आहेत.

सांगाड्याची कवटी घ्या. बहुतेक जण डोळ्यांभोवती दोन काळी वर्तुळं काढतात आणि चेहरा पांडाचा होतो. त्याऐवजी बोटाने हाड चाचपा. डोळ्याची खोबण वर भुवईपाशी सुरू होते आणि खाली गालाच्या हाडावर संपते. नाकाचं भोक उलट्या बदामासारखं असतं, म्हणून नाकाचा शेंडा आणि बाजू तेवढ्या काळ्या करा, वरचा दांडा पांढरा राहू दे. गालाच्या हाडाखाली तपकिरी सावली ओढा. काळ्या रंगाने रेघा मारण्यापेक्षा तपकिरी आणि राखाडी सावल्यांनी जास्त काम होतं. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नटाचा चेहरा मांडवाच्या टोकाला बसलेल्या माणसाला वाचता यावा लागतो, म्हणून तिथे ठसठशीत रेघ लागते. हॅलोवीनच्या रात्री दार उघडणारा माणूस हातभर अंतरावर असतो, त्याला सावलीच खरी वाटते.

रक्ताचंही तसंच. ताजं रक्त लाल, वाळलेलं तपकिरी. मार लागलेली जागा आधी लाल, मग जांभळी-निळी, काही दिवसांनी हिरवट-पिवळी होते. झॉम्बी जुना असेल तर त्याच्यावर भडक लाल रक्त शोभत नाही.

गैरसमज: फुलांची नक्षी काढलेली कवटी हा हॅलोवीनचा मेकअप आहे

ती मेक्सिकोच्या मृतांच्या सणाची आहे. १ आणि २ नोव्हेंबरला तिथली कुटुंबं आपल्या गेलेल्या माणसांचं स्वागत करतात, आणि युनेस्कोने २००८मध्ये हा सण मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला त्यातला भाव समजावून सांगावा लागत नाही. ही नक्षी काढायची तर तिचं नाव आणि अर्थ मुलाला सांगून काढावी. आणि दुसऱ्या वंशाचं पात्र करायला कातडीचा रंग बदलणं पूर्ण टाळावं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या तमाशांत गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करत, ती जखम अजून ओली आहे. ब्लॅक पँथर हा सुपरहीरो व्हायला पोशाख पुरतो.

गैरसमज: नैसर्गिक आहे, किंवा मागच्या वर्षी काही झालं नाही, म्हणजे सुरक्षित

हरताळ हे नैसर्गिक खनिजच आहे, आणि ते आर्सेनिकचं संयुग आहे. खाण्याचे रंग विषारी नसले तरी त्वचेवर कित्येक दिवस डाग ठेवतात, हळदही.

मागच्या वर्षीचा अनुभवही पुरेसा नाही. अ‍ॅलर्जी पहिल्या संपर्कात तयार होते आणि दिसते पुढच्या वेळी. काळ्या मेंदीत मिसळल्या जाणाऱ्या पीपीडी या रासायनिक रंगाने पहिल्यांदा काही न होता दुसऱ्यांदा फोड आलेली माणसं आहेत. हा रंग केसांच्या कलपासाठी आहे, त्वचेसाठी त्याला एफडीएची परवानगी नाही. म्हणून दर वर्षी नवीन डबीतला रंग तीन-चार दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तासाभरापूर्वी केलेली चाचणी उपयोगाची नाही, कारण पुरळ उठायला एक ते तीन दिवस लागू शकतात. डबीला कुबट वास येत असेल तर चाचणीही नको, ती कचऱ्यात टाका.

उतरवताना पाण्याच्या रंगाला साबण-पाणी पुरतं. ग्रीस पेंटला आधी खोबरेल तेल किंवा कोल्ड क्रीम लावा, विरघळू द्या, कापसाने टिपून घ्या आणि मग तोंड धुवा. लिंबू, टूथपेस्ट, घासणी यांनी रंग जाण्याआधी कातडी सोलवटते. मूल कितीही दमलेलं असलं तरी रंग तसाच ठेवून झोपवू नका. दुसऱ्या दिवशी खाज, सूज किंवा डोळ्याला लाली दिसली तर डॉक्टरांकडे जा आणि जाताना रंगाची डबी बरोबर घ्या. तिच्यावरची घटकांची यादी त्यांना लागेल.