फवारणी पंपाची पेट्रोलची टाकी कशी बदलतात?



सोयाबीनवर अळी पडली की गावात सगळीकडे फवारणी पंपाचा आवाज ऐकू येतो. आमच्याकडे पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा पंप आहे. त्याच्या औषधाच्या टाकीत २० लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन २० किलो. त्याखाली इंजिन असते आणि इंजिनाला लागूनच पेट्रोलची छोटी टाकी असते. तिच्यात साधारण एक लिटर पेट्रोल बसते. ह्या छोट्या टाकीची माहिती मी लिहीत आहे.

यंदा आमच्या टाकीला बारीक चीर गेली. पेट्रोल थेंब थेंब गळायला लागलं. शेजारी सायलेन्सर असतो, तो तव्यासारखा तापतो. आणि हे सगळं माणसाच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेलं! पेट घेतला तर पट्टे सोडायला तरी वेळ मिळेल का? आई म्हणाली, "आधी टाकी बदला, मग फवारा." अळी काही थांबत नाही, तरी अण्णांनी एक दिवस फवारणी बंद ठेवली.

चीर बुजवून का भागत नाही? आजोबांनी सांगितले की लोखंडी टाकी गळाली तर लोक साबण घासतात, थोडा वेळ गळती थांबते. पण पंपाची टाकी प्लॅस्टिकची असते. ह्या प्लॅस्टिकला डिंक किंवा चिकटपट्टी नीट धरत नाही. वरून इंजिन सारखे थरथरते, त्यामुळे लावलेले निघून येते. म्हणून फुटलेली टाकी बदलायचीच असते.

टाकीच्या आत काय असते? एक रबरी नळी असते. तिच्या टोकाला जाळीचा छोटा जड गोळा असतो. माणूस वाकला, वळला की पेट्रोल टाकीत एका बाजूला जाते. गोळा जड असल्यामुळे विहिरीतल्या पोहऱ्यासारखा तोही तिकडेच बुडतो. म्हणून इंजिनाला पेट्रोल मिळत राहते. जाळीमुळे कचरा आत जात नाही. टाकीच्या झाकणात हवा आत जायला वाट असते. तेलाच्या डब्याला आई दोन भोकं पाडते ना? एका भोकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. तसंच हे आहे. ती वाट बुजली तर पेट्रोल ओढले जात नाही आणि इंजिन बंद पडते.

आता टाकी कशी बदलली ते क्रमाने सांगतो. मी लांब उभा राहून पाहिले आणि वहीत लिहून घेतले.

१) पंप आदल्या दिवशीच धुऊन ठेवला होता, कारण त्याला औषध लागलेले असते. धुताना अण्णांनी हातमोजे घातले होते.

२) इंजिन पूर्ण थंड असताना पंप अंगणात मोकळ्यावर आणला. चूल लांब पाहिजे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या जाळानेही पेटते. बिडी-काडी तर अजिबात नको.

३) स्पार्क प्लगची टोपी काढली. म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी ठिणगी पडत नाही.

४) उरलेले पेट्रोल नरसाळ्याने कॅनमध्ये ओतले. काही लोक नळी तोंडात धरून पेट्रोल ओढतात. तसे कधीच करू नये. पेट्रोल विषारी आहे, ते छातीत गेले तर माणूस दगावू शकतो.

५) आमच्या पंपाला दोन नळ्या आहेत. एक पेट्रोल नेते, दुसरी जास्तीचे पेट्रोल टाकीत परत आणते. काढण्याआधी एकीला लाल दोरा बांधला, म्हणजे अदलाबदल होत नाही.

६) पान्याने बोल्ट सोडले. बोल्ट, वायसर आणि रबर ताटलीत ठेवले. तेव्हा समजले की एका बोल्टाखालचे रबरच नव्हते. तिथे लोखंड घासून घासून चीर गेली होती. रबर दिसायला लहान, पण हादरा तेच झेलते.

७) नवीन टाकी थोड्या पेट्रोलने खळबळून घेतली, कारण आत प्लॅस्टिकचा भुगा असतो. जुनी नळी कडक झाली होती, म्हणून तेवढ्याच लांबीची नवी घेतली. तिचे टोक तिरपे कापले आणि थोडे तेल लावले, मग ती टाकीच्या भोकात सहज गेली.

८) सगळी रबरं घालून बोल्ट आवळले. फार आवळले तर प्लॅस्टिक तडकते.

९) थोडेसे पेट्रोल घालून टाकीखाली कोरडा पुठ्ठा ठेवला आणि पंधरा मिनिटे वाट पाहिली. पुठ्ठ्यावर डाग पडला नाही. मगच टोपी लावली आणि दोरी ओढली. दोन झटक्यांत इंजिन सुरू!

ह्या इंजिनात नुसते पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावे लागते. ते तेल आतला दट्ट्या गुळगुळीत ठेवतो, नाहीतर इंजिन जाम होते. आमच्या पंपाला १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल लागते. मग ५ लिटरला किती? ५ गुणिले ४० म्हणजे २०० मिलिलिटर. तुमच्या पंपाचे माप त्याच्या पुस्तकात पाहा.

जुन्या टाकीत कोणी पाणी किंवा रॉकेल भरू नये. ती जाळूही नये, भंगारात द्यावी.

आपण मुलांनी पंपाला आणि पेट्रोलला हात लावायचा नाही. पण बघणे आणि सांगणे हे काम आपल्याला येते. आज घरी गेल्यावर पंपाखाली एक कोरडा पुठ्ठा ठेवायला मोठ्यांना सांगा. सकाळी त्यावर डाग दिसला तर म्हणा, "आज पंप पाठीवर घेऊ नका."

– इयत्ता चौथीचा विद्यार्थी